काचपट्टीवरची धमनी : विश्वास किती ठेवायचा?

काचनळी :
धमनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त त्याला घासत जातं आणि तो ताण (शिअर स्ट्रेस) पेशींना कळतो. प्रयोगशाळेत हे बघायला दोन समांतर पट्ट्यांमधून द्रव वाहवतात, खालच्या पट्टीवर पेशी वाढवलेल्या. पण या पेशी बहुतेकदा नाळेतल्या शिरेच्या. शीर! निष्कर्ष मात्र धमनीचे. वर द्रव पाण्यासारखा पातळ, रक्त त्याच्या चार-पाचपट दाट. पट्टी ताठ, धमनी दर ठोक्याला फुगते. स्नायूपेशी गायब. एवढं वगळल्यावर उरलं काय?

शंकासुर :
प्रश्न उरला, तोच तर हवा असतो. जिवंत प्राण्यात ताण, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं एकमेकांत गुंतलेलं. १९६८ मध्ये फ्राय यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की जबर ताणाने पेशींना इजा होते. पुढच्याच वर्षी कारो आणि सहकाऱ्यांनी उलट मांडलं : चरबीचे थर कमी ताणाच्या जागी बसतात. नुसत्या धमन्या कापून बघितल्या की थर कुठे बसलाय ते दिसतं, का बसला ते नाही. पट्टीवर मात्र एकाच खेपेच्या पेशी घ्या, अर्ध्यांवर एकदिशा प्रवाह सोडा, अर्ध्यांवर मागेपुढे हेलकावणारा. पहिल्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात, त्यांच्यात केएलएफ-२ हे धमनीला जपणारं प्रथिन वाढतं. दुसऱ्या अस्ताव्यस्तच राहतात. इथे फरक फक्त प्रवाहाचा. दाटपणाचं दुखणं डेक्स्ट्रान (द्रव दाट करणारी साखरेची लांब साखळी) घालून मिटतं.

बुडबुडा :
"फरक फक्त प्रवाहाचा" हे कागदावर. प्रवाह तोच ठेवला तर ताण पट्ट्यांमधल्या उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गास्केट (पट्ट्यांमधली रबरी चकती) दाबलं जाऊन उंची १० टक्के घटली, की ताण सुमारे २३ टक्के वाढला. पेपरात मात्र ठरवलेला आकडाच छापून येतो. आणि हवेचा एक बुडबुडा शिरला की पेशींचा थर सोलून निघतो, दोन दिवस पाण्यात. (नाव उगाच नाही घेतलं.)

शंकासुर :
मग उंची मोजा! उंदराकडे वळून काय साधणार? त्याच्या महाधमनीतला ताण माणसाच्या अनेक पट असतो.

काचनळी :
उंदराची वकिली मी केलेलीच नाही. मोजमाप, दाटपणा, सगळं मान्य. शिरेच्या पेशींचं काय?

बुडबुडा :
धमनीच्या पेशी विकत मिळतात की. पण प्रसूतीनंतर नाळ टाकूनच देतात, म्हणून ती वापरतात. शास्त्रीय कारण त्यानंतर सुचतं.