सुट्टीनंतर एलएलडीपीईच्या फिल्ममध्ये न वितळणारे दाणे का येतात?

प्रश्न : शिफ्ट पर्यवेक्षक, रबाळे

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ब्लोन फिल्मचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक हवेने फुगवून पातळ फिल्म काढण्याचा, विभाग पाहतो. शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतर शनिवारी सकाळी मशीन सुरू केले की पहिले दोन-तीन तास एलएलडीपीईच्या (पॉलिइथिलीनचा एक प्रकार) फिल्ममध्ये बारीक, काही पिवळट दाणे येतात आणि ते कितीही तापमान दिले तरी वितळत नाहीत. शेजारच्या मशीनवर पॉलिप्रॉपिलीन चालते. तेथे तापमान जास्त असूनही असे दाणे येत नाहीत. उलट तोच माल पुन्हा दळून वापरला की त्याचा एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो याचे माप) वाढत जातो, म्हणजे माल पातळ होतो. उष्णता तीच आणि हवाही तीच असताना एका मालात गाठी पडतात आणि दुसरा पातळ होतो, याचे कारण कोणी समजावून सांगाल का?

उत्तर : रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, ठाणे

आपले निरीक्षण अचूक आहे. उष्णता आणि प्राणवायू यांमुळे दोन्ही मालांत रेणूच्या लांब साखळीवरचा हायड्रोजन निघून मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेली अतिक्रियाशील जागा, तयार होतो; फरक पडतो तो त्यानंतर. पॉलिप्रॉपिलीनमध्ये साखळीतल्या दर दुसऱ्या कार्बनला मिथिल गट असल्यामुळे मूलक तृतीयक कार्बनवर (तीन कार्बनांना जोडलेल्या) बसतो. असे दोन मूलक दाटीमुळे सहजी जुळत नाहीत आणि त्याआधीच शेजारचा बंध तुटून साखळी आखूड होते. पॉलिइथिलीनमध्ये मूलक बहुधा द्वितीयक कार्बनवर (दोन कार्बनांना जोडलेल्या) असतो. तो दुसऱ्या मूलकाशी जुळतो किंवा दुसऱ्या साखळीच्या टोकावरील दुहेरी बंधावर चढतो, आणि दोन साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. म्हणूनच जे पेरॉक्साइड पॉलिप्रॉपिलीनचा एमएफआय वाढवण्यासाठी मुद्दाम घालतात, तेच केबलच्या पॉलिइथिलीनमध्ये क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे साखळ्या अशा एकमेकींना बांधण्यासाठी, वापरतात.

जेल, म्हणजे न वितळणारे जाळे, होण्यासाठी फार गाठी लागत नाहीत, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांनी 1941 साली मांडलेल्या सिद्धांताचे सार असे की, भारित सरासरी (जड साखळ्यांना जास्त वजन देऊन काढलेल्या) लांबीच्या प्रत्येक साखळीमागे सरासरी एक एकक (साखळीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) बांधले गेले की अखंड जाळे सुरू होते. भारित सरासरी रेणुभार 1,00,000 असेल, तर साखळीत इथिलीनची सुमारे 3,570 एकके असतात, आणि त्यांतले एकच एकक बांधले जाणे पुरेसे ठरते.

उत्तर : गुणवत्ता नियंत्रण, वागळे इस्टेट

मॅडमनी कारण सांगितले, परंतु प्रत्येक दाणा क्रॉसलिंकिंगचाच असेल असे धरू नये. दाणा कापून सूक्ष्मदर्शकाखालच्या तापपट्टीवर ठेवावा. वितळला, तर तो नीट न मिसळलेला माल आहे. मऊ झाला पण रबरासारखा राहिला, तर क्रॉसलिंक झालेला आहे. अतिनील प्रकाशात चमकला, तर बहुधा त्याचे ऑक्सिडीकरण झालेले आहे. खात्री हवी असेल, तर उकळत्या झायलीनमध्ये काही तास ठेवून पाहावे, कारण साधे पॉलिइथिलीन त्यात विरघळते आणि जाळे झालेला भाग फक्त फुगतो. झायलीनची वाफ ज्वलनशील असल्याने हे काम प्रयोगशाळेतच, फ्यूम हूडखाली करावे. सुट्टीत हीटर चालू राहतात का आणि डायचे (ज्या साच्यातून फिल्म बाहेर पडते त्याचे) तोंड उघडे असते का, तेही कळवावे.

प्रश्नकर्ता

हीटर 150 अंशांवर ठेवून आम्ही डाय तशीच सोडून जात होतो.

उत्तर : गुणवत्ता नियंत्रण, वागळे इस्टेट

मग दाण्यांचे मूळ बहुतांशी तेथेच आहे. डायच्या कोपऱ्यांत माल हलत नाही, त्यातले अँटीऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणारे मिश्रक) दिवसभर खर्च होत राहते, ते संपले की गाठी पडू लागतात आणि सुरू करताना त्या सुटून फिल्ममध्ये येतात. गुरुवारी रात्री जास्त अँटीऑक्सिडंट असलेला एलडीपीई (पॉलिइथिलीनचाच दुसरा प्रकार) सोडून मशीन पर्ज करावे, म्हणजे आतला जुना माल बाहेर ढकलून काढावा, बॅरल (माल वितळवणारी नळी) व डाय मालाने भरलेली ठेवून हवा आत जाऊ देऊ नये आणि हीटर पूर्ण बंद करावेत. पर्ज करूनही पिवळे दाणे येत राहिले, तर डाय उघडून साफ करण्याला पर्याय नाही.