भंगारात किरणोत्सारी तुकडा आला तर तपासणीची गाडी नेमकं काय मोजते?

भट्टीवाला_उद्यमबाग
बेळगावात उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे, इंडक्शन भट्टी. भंगार हुबळी, कोल्हापूर, गोवा, मिळेल तिथून घेतो. मायापुरीची हकीकत वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. 2010 साली दिल्लीत विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं यंत्र भंगारवाल्यांनी फोडलं, आत कोबाल्ट-60 निघालं आणि एकाचा जीव गेला. आमचे मालक किरणोत्सार मोजायचा, हातात धरायचा मीटर घ्यायला तयार झालेत. पण मीटर वाजला आणि सरकारची फिरती प्रयोगशाळा आली, तर ती आमच्या मीटरपेक्षा वेगळं काय सांगणार? आणि ती येईपर्यंत पोरांनी काय करायचं?

खानापूरकर_निवृत्त
दादा, माझी सगळी नोकरी किरणोत्सार मोजण्यात गेली. प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा मीटर 'किती' ते सांगेल, 'काय' ते सांगणार नाही. गाडीत शिशाच्या जाड भिंतींआड जर्मेनियमचा डिटेक्टर असतो, तो अतिशय थंड ठेवावा लागतो. तो गॅमा किरणांची ऊर्जा वेगवेगळी ओळखतो. आलेखात 662 किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेला शिखर आलं की सीझियम-137. 1173 आणि 1332 ची जोडी आली की कोबाल्ट-60.

फाउंड्रीवाल्यांना हे नाव कळणं सगळ्यात गरजेचं, कारण वितळल्यावर प्रत्येकाची वाट वेगळी. कोबाल्ट लोखंडातच राहतं. 2008 साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत सापडलं ते हेच, आणि तो धातू भारतातून गेलेला होता. सीझियम मात्र धुराबरोबर उडतं आणि फिल्टरच्या धुळीत बसतं. 1998 साली स्पेनमधल्या पोलाद कारखान्यात ते वितळलं, तेव्हा त्याचा माग दुसऱ्या देशांतल्या हवेत लागला. अमेरिसियम हे आणखी एक किरणोत्सारी मूलद्रव्य, ते स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत जातं. म्हणून ओतलेला माल, स्लॅग आणि धूळ, तिन्हींचे नमुने द्यावे लागतात. हीट नंबरासमोर, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याच्या नंबरासमोर, भंगाराच्या ट्रकचा नंबर आजपासूनच लिहायला लागा. ती नोंद नसेल तर गाडीवाले कुठला माल तपासणार?

तुकडा भट्टीत गेलाच नसेल, तर त्यांचं पहिलं काम म्हणजे फिल्टर कागदाने पुसून तो कागद मोजणं. कागद स्वच्छ निघाला तर किरणोत्सारी द्रव्य आवरणात बंदिस्त आहे, धोका जवळ जाण्याचा. कागदावर काही आलं तर पावडर सुटलेली आहे. मग हात, चपला, चहाचे पेले, सगळंच तपासायचं. ब्राझीलच्या गोइयानियात 1987 साली असंच सीझियम सुटलं. एक लाखाहून जास्त लोकांना स्टेडियममध्ये आणून तपासावं लागलं, चार जण दगावले.

गाडी तुमच्या शेडपर्यंत येणार नाही, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब थांबेल. नमुने दुहेरी पिशवीत बांधून तिकडे न्यायचे. आतली मोजायची जागा एकदा माखली की पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं.

तोवर पोरांनी लांब व्हायचं, गेट लावून 112 ला फोन करायचा. कुणी हात लावला त्यांची नावं लिहून ठेवा. त्यांना हात धुवायला लावा, तोवर तंबाखू, विडी, चहा बंद. आणि एक कळकळीची विनंती: ट्रक परत पाठवू नका! पुढच्या भंगारवाल्याला त्यातलं काहीच माहीत नसेल.

निपाणीचा_भंगारवाला
काका, ट्रकच्या बाहेरनं मीटर फिरवला तर चालतंय का? आमच्यात माल थरावर थर असतोय.

खानापूरकर_निवृत्त
पुरेसं नाही. वरचं लोखंडच आडोसा होतं. बाहेरून फिरवा, मग उतरवताना थराथराला परत फिरवा. शिशाचं जड भांडं किंवा किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं तर तिथंच थांबा. शिशाला भाव चांगला मिळतो म्हणून फोडायचा मोह होतो. जीव जातो तो तिथंच.

कारवारहून
कैगाचा अणुवीज प्रकल्प जवळ आहे, तिथलीच गाडी येईल ना?

खानापूरकर_निवृत्त
कैगाला भाभा केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा आहे. तिचं रोजचं काम प्रकल्पाच्या परिसरातलं पाणी, दूध, मासे तपासण्याचं. भंगारासाठी कुणाला पाठवायचं ते प्रशासन ठरवतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी पुण्याजवळ आहे आणि त्यांच्या जवानांना किरणोत्साराचं प्रशिक्षण असतं. कोण येणार याची वाट बघत बसू नका, आधी 112.