अनुभव धागा: वर्गात पाहुणा कोण आला आणि मुलांनी काय केलं?

चौथी ते सातवीला शिकवणाऱ्या विदर्भातल्या गुरुजींनी आणि बाईंनी इथं आपला अनुभव लिहावा, ही विनंती. गावातलंच माणूस पाहुणा म्हणून आणलं असेल तर जरूरच लिहा. ज्यांना शाळेत कधी खुर्ची मिळाली नाही, त्यांच्याकडे मुलांना देण्यासारखं पुष्कळ असतं, असं माझं ठाम मत आहे. सुरुवात मीच करते.

भंडारा जिल्हा, पाचवी

गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या जमीनदारांच्या काळातला. मुलांनी पटांगणात त्याचा मातीचा नमुना केला: पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी निघून जायची सलंग. बादलीनं पाणी ओतलं आणि पाळ मधोमध फुटली. तलावात मासेमारी करणारे ढिवर काका पाहुणे होते. ते काही न बोलता उकिडवे बसले, बोटानं सलंग चारेक बोटं खाली कोरली आणि म्हणाले, "आता ओता." पाणी वळसा घेऊन सलंगेतून गेलं, पाळ शाबूत राहिली. मग माशांवर प्रश्न सुरू झाले. मरळ सतत वर का येते, हे एका मुलीनं विचारलं. काका म्हणाले, "तिला वरची हवा लागते. जाळ्यात अडकून वर येता नाही आलं, तर पाण्यातच मरते." श्वसनाचा धडा मला त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

यवतमाळ जिल्हा, सहावी

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, झाल्यावर, वेचणीच्या दिवसांत, वर्गातल्याच एका मुलाच्या आईला बोलावलं. प्रत्येक गटाला १०० ग्रॅम कापूस दिला. सरकी हातानं वेगळी करून दोन्हीचं वजन करायचं होतं. रुई साधारण एक तृतीयांश भरली, बाकी सगळी सरकी. शेकडेवारी तिथंच झाली. ताईंनी सांगितलं, "दहिवर असलं का कापूस जड भरते, पण ओला कापूस पिवळा पडते." मुलांनी लगेच थोडा कापूस ओला करून पुन्हा तोलला. आई बोलत असताना तिचा मुलगा पहिल्या बाकावर ताठ बसला होता.

गडचिरोली जिल्हा, चौथी

आमच्याकडे पाहुणा बाहेरून आणायची गरज पडली नाही. उन्हाळ्यात घरच्यांसोबत तेंदूपत्ता तोडणारी मुलंच शिक्षक झाली. एका पुड्यात ७० पानं, प्रमाण गोणीत १००० पुडे. म्हणजे ७०,००० पानं. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक पोरगी पानं जुळवून, वाकाची गाठ मारून भराभर पुडा बांधून दाखवत होती. गुणाकार तिनंच फळ्यावर केला.

वर्धा जिल्हा, सातवी

१९३७ साली शिक्षण परिषद वर्ध्यातच भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, पुढे आली. हातानं करत शिकणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. मला एवढंच सांगायचं आहे की मजुरी करणाऱ्या पाहुण्याचा रोज बुडतो. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा, वर्गणी करा, पण त्या दिवसाची मजुरी त्यांच्या हातात द्या. मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्या आणि पाहुण्यांना वाचून दाखवा. भाषण करावं लागणार नाही हे कळलं की माणसं मोकळी बोलतात.