मुलांच्या हातून काय करवून घेतलंत? (अनुभव धागा)

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना पर्यावरण शिकवायचं म्हटलं की आपण भाषण तरी देतो, नाहीतर पृथ्वीचं चित्र रंगवायला बसवतो. ओझोनचा थर त्यांच्या हाताला लागत नाही. माती, पाणी, किडे लागतात. तेव्हा प्रत्यक्ष काय करवून घेतलंत, काय टिकलं, काय चार दिवसांत बारगळलं ते लिहा. ‘मुलांना मजा आली’ एवढ्यावर सुटका नाही!

बालवाडीताई :
आमच्या वर्गामागे भोकं पाडलेला खताचा ड्रम आहे. कुणी फळांची सालं टाकतं, कुणी वाळका पाला पसरतं, कुणी काठीने ढवळतं. एक भांडं ओलं टाकलं की दोन-तीन भांडी वाळलेलं, हा नियम. मोठ्या माणसांना कर्ब (कार्बन, वाळक्या पाल्यात जास्त) आणि नत्र (नायट्रोजन, ओल्या सालांत जास्त) यांचं प्रमाण साधारण ३०:१ हवं असं समजावत बसावं लागतं. मुलांना ते नाकाने कळतं. घाण वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, आत हवा खेळत नाहीये. “ताई, ड्रमला पाला हवाय” ही वर्दी आता तीच देतात.
गांडूळ हातावर घ्यायचं तर आधी हात ओले करायचे, कारण ते त्वचेतून श्वास घेतं आणि त्वचा कोरडी पडली की गुदमरतं. हे ऐकल्यापासून सगळ्यात जास्त किळस करणारा मुलगाच पाण्याचा मग घेऊन पुढे असतो. खत चाळताना फळांवरचे स्टिकर मात्र जसेच्या तसे निघतात. मी त्यावर अवाक्षर काढत नाही. मुलं ते बरणीत साठवतात आणि घरी जाऊन आईबाबांना जाब विचारतात.

एक आजोबा :
गळका नळ लगेच दुरुस्त केला नाही, एक दिवस नातीला दिला. खाली बादली ठेवली. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४००. साधारण वीस लिटर पाणी. आकडा माझ्यासाठी, तिला भरलेली बादली पुरली. वॉशर बदलताना पाना तिच्याच हातात दिला. आता कुठेही टपटप ऐकू आली की मला कामाला लावते.

पहिलीतल्या मुलाची आई :
मी जरा विरोधी सूर लावते. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या प्रकल्पासाठी आम्ही थर्माकोल, चमकी, रंगीत टेप, सगळं नवं आणलं. प्रदर्शन संपलं आणि ते सगळं कचऱ्यात गेलं. चमकी बहुतेक वेळा प्लॅस्टिकचीच असते, हे वेगळंच. त्यापेक्षा दुरुस्ती शिकवा. सहा वर्षांच्या मुलाला बोथट सुईने मोठं बटण लावता येतं. वाकडं लागतं. पण तो शर्ट तो कुणाला टाकू देत नाही.

बालवाडीताई :
आई, अगदी पटलं. आमच्याकडे चमकीला बंदी आहे.

मुलांना निसर्गात फिरवणारा दादा :
लिंबाच्या रोपावर फुलपाखराची अळी सापडली तर सोडू नका. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि खाते किती! रोप वाचवायचं की अळी, यावर आमच्या मुलांची कडाक्याची भांडणं झाली. शेवटी दोन फांद्या अळीच्या, बाकीच्या रोपाच्या असा तह झाला. अळीने अर्थातच तो पाळला नाही.
एकदा कोशातून फुलपाखराऐवजी बारीक बारीक गांधीलमाश्यांचा थवा बाहेर पडला. या परजीवी माश्या कोशातच अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतून सगळं खाऊन टाकतात. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. एक मुलगी रडली, एक जण माश्यांवर चिडला, तर तिसऱ्याने विचारलं, “मग त्यांनी काय खायचं?” त्यावर तासभर चर्चा चालली. अशा वेळी गोड गोष्ट रचून सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

एक बाबा :
पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांना एक सूचना. उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आमच्याकडे भांडं दोन दिवसांआड घासायचं काम चार वर्षांच्या लेकीकडे आहे. साबण न लावता, काथ्याने. भांडं उथळ घ्या आणि मध्ये एक दगड ठेवा, म्हणजे मधमाश्यांनाही बसता येतं.