शब्दचर्चा : ‘नॉन-इन्व्हेझिव्ह’ला काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून)

फोंडा : इस्पितळातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी श्वासाला मदत करणाऱ्या उपचारांचं मराठी माहितीपत्रक करतेय. ‘नॉन-इन्व्हेझिव्ह’ला, म्हणजे शरीरात काही न घुसवता केलेल्या उपचाराला, कोशात ‘अनाक्रमक’ मिळाला. वाचणाऱ्याला वाटेल, बाकीचे उपचार म्हणजे डॉक्टरांची चढाईच! ‘अछेदक’ चालेल?

म्हापसा : तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालताना छेद कुठे देतात? ‘बिननळीचा’ बघा.

फोंडा : आणि हाय फ्लो ऑक्सिजनच्या नाकातल्या नळ्या?

बांबोळी : मी आयसीयूत नर्स आहे. नातेवाईक एवढंच विचारतात, “घशात नळी घातली काय?” तेच लिहा, ‘घशात नळी न घालता’. खरा घोळ पुढे आहे. मसुद्यात तुम्ही हाय फ्लो, सीपॅप, बायपॅप सगळ्यांनाच ‘प्राणवायू पुरवठा’ म्हटलंय. हाय फ्लोत हवा-ऑक्सिजनचं गरम, दमट मिश्रण मिनिटाला ६० लिटरपर्यंत सोडतात. नाकातल्या साध्या नळीने सहसा ६ च्या वर जात नाहीत, नाक सुकतं. या दोन्हींना पुरवठा म्हणा हवं तर. पण सीपॅप घट्ट मास्कमधून सतत एकच दाब ठेवतो, आणि बायपॅप दोन : श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. म्हणजे दमलेल्या छातीचं काम तो वाटून घेतो. सीओपीडीवाल्याच्या (फुफ्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार) रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्ल झालं, तर बायपॅप लावतात. तिथे नुसता ऑक्सिजन वाढवत नेला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साचू शकतो. हा पुरवठा नव्हे, ‘श्वासाधार’.

म्हापसा : शब्द पटला. यातलं चांगलं कुठलं, तेही लिहायचं?

बांबोळी : ‘चांगलं’ नको, ‘कोणासाठी’ लिहा. २०१५ च्या फ्लोराली चाचणीत ३१० रुग्ण होते, कार्बन डायऑक्साइड न साचलेले. साधा ऑक्सिजन किंवा मास्कचा श्वासाधार मिळालेल्यांपेक्षा हाय फ्लोवाल्यांत ९० दिवसांतले मृत्यू कमी दिसले, नळी घालावी लागण्यात मात्र ठळक फरक नव्हता. कोविडमधल्या ब्रिटनच्या रिकव्हरी-आरएस चाचणीत उलट सीपॅप साध्या ऑक्सिजनपेक्षा सरस ठरला, हाय फ्लो नाही.

डिचोली : ‘ॲक्यूट’ला ‘तीव्र’ लिहू नका हां बाय. लोक ‘जोराचं’ समजतात, इथे अर्थ अचानक उद्भवलेलं. आणि ‘प्राणवायू’ही काढा. कोविडपासून आमची आजीसुद्धा ऑक्सिजनच म्हणते. प्राणवायू म्हटलं की ती प्राण, अपान, व्यान मोजायला लागते.

फोंडा : काढला. मास्कला ‘मुखपट्टी’ लिहिलंय, ते तरी ठेवू?

बांबोळी : पट्टीतून दाब कसा देणार, बाय? मास्कच ठेवा.