शब्दचर्चा : ‘भोवय’, ‘घुमते’ आणि ‘कान फुटला’

मूळ प्रश्न (नर्स, यवतमाळ जिल्हा)

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचीच झाले. पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. साठीच्या एक बाई ओपीडीत आल्या आणि म्हणाल्या, “बाई, मले भोवय येते.” मी केसपेपरवर लिहिलं, ‘भुवईत दुखणे’. वर बोटानं त्यांची भुवई दाबून “इथं का?” असंही विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पेशंट मीच आहे. बाजूला आशाताई बसल्या होत्या, त्यांना हसू आवरेना. “सिस्टर, भोवय म्हंजे भोवळ. चक्कर!”

वऱ्हाडीत ळ चा य होतो हे मला तेव्हाही माहीत होतं. डोळा-डोया, पोळा-पोया, मळ-मय. पण नियम माहीत असणं वेगळं आणि समोरच्या माणसाच्या तोंडून तो कानावर पडणं वेगळं.

तर प्रश्न असा. भोवळ, चक्कर, घेरी, अंधारी, झोक जाणे हे सगळे शब्द तुमच्या भागात एकाच अर्थानं वापरतात की त्यात फरक करतात? आम्ही मंडळी केसपेपरवर सरसकट ‘चक्कर’ लिहून मोकळे होतो. मला वाटतं, पेशंटनं फरक करून सांगितलेला असतो, लिहिताना तो आम्ही पुसून टाकतो.

दर्यापूरहून, शिक्षक

ताई, भुवई दाबलीत हे वाचून घरात सगळे हसले.

भोवळ, भोवरा, भोवती ही एकाच घरातली भावंडं. मूळ ‘भ्रम्’, म्हणजे फिरणं. ‘डोकं भोवंडलं’ हेही त्यातलंच. म्हणजे भोवळ या शब्दात गरगरणं मुळातच आहे. चक्कर तर सरळ चक्रातून आलेली. घेरी मात्र फिरत नाही, ती घेरते. म्हणून घेरी येऊन माणूस *पडतो*, असं माझ्या कानाला वाटतं. आमच्याकडे घेरी फारशी ऐकू येत नाही, पुस्तकातच भेटते.

बोलण्यात आता चक्करच जास्त. भोवय म्हणणारी पिढी सत्तरीकडे झुकली. पोट्टे तर ‘चक्कर येऊन राह्यली’ याच्या पलीकडे जात नाहीत. पण म्हातारी माणसं फरक करतात हे खरं. माझी आई उन्हातून आली की म्हणायची, “डोयापुढं अंधारी आली.” त्याला ती भोवय कधीच म्हणाली नाही.

वर्ध्याहून, नर्सिंग शिकवणारी

तुमच्या आईनं जो फरक केला, तो शिकवायला आम्हाला एक अख्खा तास लागतो.

‘अंधारी’ हा बहुतेक वेळा रक्तदाबाचा मामला. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे काळं होतं. अशा वेळी पेशंटला आडवं ठेवून बीपी घ्यायचं, उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्यायचं. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर अंधारीचा उलगडा झाला. कान तिथं निर्दोष.

‘घर फिरते’, ‘खाट फिरते’ असं कुणी म्हणालं की मात्र कानाकडे वळायचं. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तोल सांभाळण्याचं काम त्यांचं. शेजारी चुन्यासारखे बारीक कण असतात, कॅल्शियम कार्बोनेटचे. ते जागा सोडून नळीत शिरले की कुशीवर वळताना किंवा वर पाहताना जग गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. म्हणून “चक्कर येते का?” हा प्रश्न अर्धवट आहे. “कड पलटली का येते? किती वेळ राह्यते?” असं विचारलं की निम्मं निदान पेशंटच सांगतो.

तिसरा ‘झोक जाते’. याचं डोकं फिरत नाही, डोळ्यांपुढे अंधारीही येत नाही, चालताना माणूस एका बाजूला जातो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून चालताना, विशेषतः अंधारात, झोक जाते म्हणणाऱ्याला पाय जुळवून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा. आपण जवळ उभं राहायचं, हात पसरून, नाहीतर पेशंट आपल्याच अंगावर येतो. डोळे मिटताच डोलायला लागला तर लिहून ठेवा. आणि पूर्वी टीबीची किंवा दुसरी कुठली इंजेक्शनं बरेच दिवस घेतलीत का, हे विचारायला विसरू नका. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं आतल्या कानाला बाधतात.

एक मात्र शब्दांच्या बाहेरचं. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत कुठल्याही शब्दात चक्कर सांगितली तरी पहिला प्रश्न फवारणीचा. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर कानाबिनाचं नंतर. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली हे आपल्याला ठाऊक आहे.

पुण्याहून

‘डोकं घुमतं’ असंही विदर्भातल्या एका सहकाऱ्याकडून ऐकलं आहे. पण मराठीत घुमणे म्हणजे आवाज घुमणे. पारवा घुमतो, देवळात घंटा घुमते. मग ही तक्रार चक्करेची की कानात आवाज येण्याची? प्रमाण भाषेत सांगितलं तर हा घोळ होणार नाही असं वाटतं.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, पेशंटला प्रमाण भाषेत आजारी पडायला कसं सांगू?

पण तुमचा मुद्दा खरा आहे, माझीही त्यावर एकदा फजिती झालीय. एक शेतकरी दादा म्हणाले, “डोस्कं घुमून राह्यलं.” मी तुमच्यासारखाच अर्थ लावला आणि विचारत बसले, कसा आवाज येतो, शिट्टीसारखा की रातकिड्यासारखा, एका कानात की दोन्ही? ते बिचारे प्रत्येक प्रश्नाला “नाही” म्हणत होते. शेवटी त्यांनी हवेत बोट गोल फिरवून दाखवलं. इकडे हिंदीचा शेजार असल्यानं घुमणे म्हणजे फिरणे. तेव्हापासून मी तोंडी उत्तरावर भागवत नाही, “हातानं दाखवा” म्हणते. हात गोल फिरला तर एक, डोळ्यांपुढे आडवा गेला तर दुसरं, अंग एका बाजूला कललं तर तिसरं.

आवाजाला इथे ‘कान वाजते’ किंवा ‘कानात कीर्र होते’ म्हणतात. वैद्यांचा ‘कर्णनाद’ शब्द सुरेख आहे, पण तो घेऊन ओपीडीत कुणी येत नाही. आणि गंमत बघा, कान वाजणं आणि घर घुमणं कधीकधी एकाच आजारात सोबत येतात, कारण दोन्ही यंत्रं एकाच हाडात शेजारी बसवलेली आहेत.

भंडाऱ्याहून

आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. त्यामुळे भोवयवाल्या सिस्टर आमच्याकडे आल्या तर नव्यानं फसतील. बाकी चक्कर आमच्याकडेही चक्करच.

पुसद तालुक्यातून, आशा स्वयंसेविका

‘कान फुटला’ राहूनच गेलं, म्हणून लिहिते.

लेकराचा कान फुटला म्हणजे मार लागला असं नाही. कानातून पू येऊन राह्यला, असा त्याचा अर्थ. नवीन डॉक्टर कानाला जखम शोधतात, माय म्हणते “आतून फुटला”. तसं पाहिलं तर माय चूक नाही, आत पू साचून पडदाच फुटलेला असतो. रात्रभर ठणकत होता आणि फुटल्यावर लेकरू झोपलं, असं सांगतात. तेही बरोबर, दाब निघून जातो ना.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये चौदा दिवसांची रेघ शिकवली. पू चौदा दिवसांच्या आतला असेल तर वेगळा उपचार, त्यापुढचा असेल तर जुनाट. पण “किती दिवस झाले?” विचारलं तर दिवस कोण मोजून ठेवते? उत्तर येतं, “तान्ह्या पोयापासून.” (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आमच्याकडचा लेकरांचा सण.) मग मी बोटांवर हिशेब करते. कॅलेंडर सोबतच असते माझ्याकडे. दुसरा प्रश्न, कानामागे सूज आहे का, हात लावला का लेकरू रडते का. असेल तर थांबायचं नाही, लगेच पाठवायचं. नसेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून कान कोरडा करायला मायला शिकवते, दिवसातून तीनदा. लसणाचं कोमट तेल टाकू नका हे सांगताना मात्र सासू आधी बाहेर जाते का ते पाहते.

वर्ध्याहून

लाखमोलाचं लिहिलंत, ताई. कान पाहतानाची एक गोष्ट तेवढी जोडते. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, तीन वर्षांच्या आतल्या लेकराचा खाली आणि मागे, म्हणजे नळी सरळ होते आणि पडदा दिसतो. आईला आधी सांगून ठेवावं. नाहीतर कान धरणं, कान उपटणं यांचे आपल्या भाषेतले अर्थ काही चांगले नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

ऐकण्याबद्दलही थोडं. ‘बहिरा’ शब्द मी तपासणीत वापरणं सोडलं. गावात तो शिवीसारखा फेकतात, ‘भैऱ्या’ म्हणून. “बहिरेपणा आहे का?” असं विचारलं की नव्वदीचा म्हाताराही नाही म्हणतो. “ऐकू येतं का, आजी?” विचारलं तर “हाव.” कारण ती माझ्या ओठांकडे बघत असते. म्हणून मागे जाऊन उभी राहते, हातभर अंतरावर. दुसऱ्या कानाच्या भोकापुढचा तो छोटा उंचवटा बोटानं दाबून हलवत ठेवते, म्हणजे तो कान मध्ये पडत नाही. मग श्वास सोडून कुजबुजते, “पाच, क, आठ.” आजीनं तेच परत म्हणायचं. (त्या उंचवट्याला मराठीत रोजच्या बोलण्यातला शब्द आहे का? पाळी म्हणजे खालची लोंबती. हा नुसता ‘तो भाग’.)

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं वाक्य एका आजोबांचं आहे. “आयकू येते, समजत नाही.” मुलगा म्हणत होता, बुढ्याचं लक्षच नाही. तसं नव्हतं. वयानं कान उतरतो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त अशी व्यंजनं पुसट होतात, स्वर शाबूत राहतात. शब्द पोचतो, पण त्याचे काठ झिजलेले. सुनेचं आणि नातवंडांचं बोलणं आधी हरवतं, गावातल्या मित्राचं खर्जातलं कळतं. म्हणून घरचे म्हणतात, त्यांना पाहिजे तेच ऐकू येतं. मग सगळे ओरडायला लागतात आणि आजोबा चिडतात, “ओरडते काऊन?” कारण असल्या कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा सोसत नाही.

हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहिलं, अवतरणचिन्हात. वरच्या दवाखान्यात कुणीतरी त्यावर लाल पेनानं ‘ऐकण्यात अडचण’ अशी दुरुस्ती केली.

दर्यापूरहून

लाल पेन आमच्याकडेही आहे, ताई. विद्यार्थ्याच्या वहीत डोया दिसला की मीही डोळा करतो. आता जरा अडखळेन.

त्या भोवयवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

मूळ प्रश्नकर्ती

कड पलटली का घर घुमायचं त्यांचं, उजव्या कुशीवर. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी खाटेवर झोपवून डोकं एका बाजूनं दुसरीकडे वळवायचा तो प्रकार केला, कण जागेवर बसवायचा. महिन्याभरानं बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा बऱ्या होत्या. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पदर सावरला आणि भुवई पुढे केली.

“पाहून घ्या सिस्टर, आज दुखत नाही.”