अनुभव धागा: प्रागचं जुनं शहर, ऑडिओ वॉक करणाऱ्यांसाठी

युरोपातल्या जुन्या शहरांवर लिहायला बसलं की गाडी बहुधा फोटो आणि ‘अहाहा’ यांवर अडते. हा धागा त्यासाठी नाही. शहर एकच घेऊ, प्राग. रस्ताही एकच: पावडर टॉवरपासून त्सेलेत्ना गल्लीने जुन्या चौकात, तिथून कार्लोवा गल्लीने चार्ल्स पुलावर, पुढे माला स्त्राना आणि नेरुदोवाचा चढ चढून किल्ल्यात. बोहेमियाचे राजे राज्याभिषेकाला याच वाटेने जायचे, म्हणून हा राजमार्ग. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, आणि बहुतेक ऑडिओ वॉक (फोनवर निवेदन ऐकत करायच्या पायी सफरी) याच वाटेवर बेतलेले. आवाज कुठे चुकवतो, पाय कुठे चुकतात, आधी काय करून ठेवायचं, एवढंच लिहा. कोणाबरोबर गेलात आणि काय खाल्लंत ते दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात फोनपासून करतो. चांगल्या प्रतीच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे दीड तासाचा ऑडिओ ९० एमबीच्या आसपास. हॉटेलच्या वायफायवर तो उतरवून न घ्यायला काही कारण नाही. गोची अशी की नकाशा आणि चित्रं अनेकदा वेगळी उतरतात. तपासायचं असेल तर फ्लाइट मोड लावा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, शेवटचा थांबा वाजवा आणि नकाशा झूम करा. पहिला थांबा वाजवून बघण्यात अर्थ नाही. तो बऱ्याचदा नमुना म्हणून आधीच उतरलेला असतो.

दुसरं, ऑटोप्ले बंद करा. जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालतं, पण त्सेलेत्नासारख्या गल्लीत चार-पाच मजली भिंतींवर सिग्नल आपटून येतो आणि निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. जुन्या चौकात तर थांबे इतके जवळजवळ आहेत की धर्मसुधारक यान हुसच्या पुतळ्यासमोर उभं असताना कानात टाऊन हॉल सुरू होतो. थांबा हाताने निवडा, आणि निघण्यापूर्वी पावडर टॉवरशेजारच्या रेपब्लिक चौकाच्या मोकळ्या जागेत दोन मिनिटं उभं राहून ठिपका स्थिरावू द्या.

* * *

ठिपक्यावर भरवसा नसेल तर घरांवरच्या पाट्या वाचा. प्रागमध्ये प्रत्येक घराला दोन नंबर असतात आणि इथेच पहिला घोटाळा होतो. लाल पाटीवरचा नंबर त्या भागातल्या नोंदणीचा. १७७० मध्ये घरं मोजून दिलेल्या क्रमांकांची ती परंपरा, त्यामुळे शेजारशेजारच्या घरांचे लाल नंबर सलग असतीलच असं नाही. निळी पाटी रस्त्यावरच्या क्रमाची. वाट शोधताना फक्त निळी बघायची.

पत्ता लिहिताना दोन्ही येतात, मध्ये तिरकी रेघ. उदाहरणार्थ ‘काळ्या मॅडोनाचं घर’, १९१२ ची क्युबिस्ट (भौमितिक आकारांच्या शैलीतली) इमारत, वास्तुविशारद योसेफ गोचार. लाल नंबर ५६९. पण घर कोपऱ्यावर असल्याने निळे नंबर दोन: त्सेलेत्नाकडून ३४, फळबाजार नावाच्या रस्त्याकडून १९. एका ॲपने एक दिला, दुसऱ्याने दुसरा, तर घर तेच असतं.

१७७० च्या आधी घरं चिन्हांनी ओळखली जात. नेरुदोवा गल्लीत तीन व्हायोलिनं, दोन सूर्य अशी चिन्हं अजून दारांच्या वर आहेत. ऑडिओतला आवाज ‘तीन व्हायोलिनांपाशी थांबा’ म्हणाला तर नंबर शोधत बसू नका, मान वर करा.

* * *

उच्चारांची एक चिठ्ठी करून ठेवा. चेकमध्ये ‘सी’ म्हणजे त्स, ‘जे’ म्हणजे य, आणि डोक्यावर उलटी टोपी असलेला ‘सी’ म्हणजे च. आघात कायम पहिल्या अक्षरावर. इंग्रजी निवेदक बऱ्याचदा हे सगळं सपाट करून बोलतात आणि मग पाटी डोळ्यासमोर असून ओळखू येत नाही. जुन्या चौकातल्या टाऊन हॉलवरच्या खगोलीय घड्याळाला चेक लोक ओर्लोय म्हणतात. चौकातल्या जुळ्या मनोऱ्यांच्या चर्चचं नाव ‘तीन’, पण त्याचा आकड्याशी संबंध नाही, आपल्याच कानाला तसं वाटतं. नकाशात शोधताना टोप्या आणि काने नाही टाकले तरी चालतं.

* * *

ओर्लोयवर थोडं सविस्तर, कारण इथे ऑडिओ सगळ्यात जास्त वाया जातो. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाच्या ठोक्याला खेळ असतो आणि तो मिनिटभरसुद्धा चालत नाही. उजवीकडचा सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा ख्रिस्ती प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, कोंबडा आरवतो, मग टोले. अगदी भिंतीखाली उभं राहिलात तर खिडक्या नीट दिसत नाहीत, पंधरा-वीस पावलं मागे सरका. आणि तेवढ्या वेळात ऑडिओ पॉज ठेवा. सगळ्यांचे हात वर आणि नजर वर असते, खिसेकापूंना हेच हवं असतं. बॅग पोटाशी.

खरं घड्याळ वाचायचं असेल तर साडेदहा, साडेअकरा अशा वेळी जा. गर्दी तासाला येते आणि लगेच पांगते. मधल्या तबकडीचा निळा भाग म्हणजे दिवसाचं आकाश, खालचा काळा म्हणजे रात्र, मधे संधिप्रकाशाचे पट्टे. सोनेरी रोमन आकडे नेहमीची वेळ सांगतात, मात्र चोवीस तासांची. वर मध्यान्ह, खाली मध्यरात्र. त्याच्या बाहेरचं काळं कडं जुन्या बोहेमियन वेळेचं. त्यात दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणून सूर्यास्त बदलेल तसं हे कडं वर्षभर मागेपुढे सरकतं. आपल्या घटिका सूर्योदयापासून मोजतात, इथे सूर्यास्तापासून, एवढाच फरक.

निळ्या भागातल्या वक्र रेघा आणि १ ते १२ आकडे बहुतेक ॲप्स ‘असमान तास’ म्हणून एका वाक्यात उरकतात. राहुकाळ काढता येणाऱ्याला ते लगेच समजेल. तिथे सूर्योदय ते सूर्यास्ताचे आठ भाग करतात, इथे बारा. डिसेंबरात प्रागचा दिवस आठ तासांचा, म्हणजे हा ‘तास’ चाळीस मिनिटांचा. जूनअखेर तोच ऐंशी मिनिटांच्या वर जातो.

राशीचक्राचं लहान कडं आहे ते सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेलं. पंचांगाची सवय असलेल्यांनी सुमारे २४ अंशांचा फरक धरायचा. मकर संक्रांतीला, १४ जानेवारीला पाहिलंत तर सूर्य मकरेत शिरताना नाही, मकरेच्या शेवटच्या टप्प्यात दिसेल. घड्याळ चुकलेलं नाही.

एक दुरुस्ती. घड्याळ बनवणाऱ्या हानुशचे डोळे काढले, ही गोष्ट काही ऑडिओंत इतिहास म्हणून सांगतात. ती दंतकथा आहे. घड्याळ १४१० चं, काम कादानच्या मिकुलाशचं. खालची महिन्यांची चित्रं योसेफ मानेसची, १८६६ ची.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोड. घड्याळाकडे बघून झालं की लोक थेट चौकाच्या मध्यावर जातात आणि टाऊन हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीलगतची फरसबंदी तुडवली जाते. तिथे दगडांत पांढरे २७ क्रूस बसवलेले आहेत, २१ जून १६२१ ला बंडाबद्दल याच चौकात देहदंड दिलेल्या २७ जणांचे. हा थांबा वाजवताना खाली बघा, आवाज ‘समोर’ म्हणत असला तरी.

दुसरी खाली बघायची गोष्ट म्हणजे पितळी पट्टी, प्रागची मध्यान्हरेषा. चौकातल्या मेरीच्या स्तंभाची सावली तिच्यावर पडली की शहराची दुपार धरायचे. स्तंभ १६५० चा, १९१८ मध्ये पाडला, २०२० मध्ये तशाच घडणीचा पुन्हा उभारला. त्याआधी रेकॉर्ड केलेल्या वॉकमध्ये ‘इथे स्तंभ होता’ असं ऐकू येतं आणि माणूस भर स्तंभासमोर गोंधळतो. सावली बघायची तर बाराला जाऊ नका. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे ती एकच्या आसपास पट्टीवर येते.

तीन चर्चचं दार सापडत नाही ही तक्रार कायमची. चर्चसमोर घरं आहेत. त्यांच्या कमानींखालून आत जाणारी बोळवजा वाट आहे, तिथून शिरायचं. आत खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे (मृत्यू १६०१), वेदीजवळ उजव्या हाताच्या खांबापाशी तांबूस संगमरवरी शिळा. प्रार्थना चालू असेल तर इअरफोन काढूनच आत जा.

* * *

कार्लोवा. नावाला एक गल्ली, पण तिला इतकी वळणं आहेत की प्रत्येक वळणावर दुसरीच सरळ आणि रुंद वाटते. नियम सोपा: ऑडिओ वळण सांगत असेल तर आधी पूर्ण ऐका, पॉज करा, मग चाला. चालत ऐकलं की वाक्य संपेपर्यंत वळण मागे गेलेलं असतं.

गल्लीच्या शेवटी सगळ्यात धोक्याची जागा. पुलाचा मनोरा समोर दिसतो, निवेदक रंगात आलेला असतो, आणि मधे क्रिझोव्नित्स्का रस्ता आडवा जातो. त्यावर गाड्या आणि ट्राम दोन्ही. चेक कायद्याने झेब्रा क्रॉसिंगवरसुद्धा ट्रामला पादचाऱ्याआधी हक्क आहे. ती थांबेल असं धरून पाय टाकू नका. इथे दोन्ही कान मोकळे. एरवी एकाच कानात इअरफोन ठेवला तरी पुरे, पण मग ॲपमध्ये किंवा फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो करा. नाहीतर काही वॉकमध्ये संगीत एका बाजूला आणि निवेदन दुसऱ्या बाजूला असतं, आणि तुमच्या वाट्याला नुसतं संगीत येतं.

* * *

पुलासाठी दोन गोष्टी. लांबी ५१६ मीटर, रुंदी दहाच्या आसपास, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. ऑडिओ ‘उजवीकडचा आठवा’ म्हणतो आणि माणूस किल्ल्याचा फोटो झाल्यावर मागच्या मनोऱ्याकडे वळलेला असतो, म्हणजे उजवं-डावं उलटं. त्यापेक्षा नदी धरा. जुन्या शहराकडून निघताना डावीकडे बंधारा दिसतो, ती वाहत्या पाण्याची वरची बाजू. नेपोमुकचा योहान या संताचा पुतळा खालच्या बाजूला, साधारण मध्यावर. १६८३ चा, पुलावरच्या पुतळ्यांत सगळ्यात जुना आणि कांस्याचा. बाकीचे बहुतांश वालुकाश्माचे आणि त्यातले बरेचसे प्रतिकृती. मूळ पुतळे संग्रहालयांत हलवलेत. योहानच्या पायाशी दोन पाट्या आहेत, हात लावून लावून त्यांचे काही भाग सोन्यासारखे चमकतात. पण १३९३ मध्ये त्याला जिथून नदीत टाकलं असं मानतात ती जागा कठड्यावर वेगळी दाखवलेली आहे, पाच ताऱ्यांचा छोटा क्रूस. बरेच लोक पाट्यांना हात लावून तिथून न बघता जातात.

पायाभरणीची वेळ १३५७, ९ जुलै, ५ वाजून ३१ मिनिटं. आकडे ओळीने लिहा: १-३-५-७-९-७-५-३-१. परंपरा म्हणूनच ऐकायचं, पण आहे झकास.

दुसरं, पुलावर वारा असतो आणि नॉइज कॅन्सलिंगच्या माइकमध्ये तो शिरून फरफर आवाज येतो. पुलापुरतं ते बंद करा.

* * *

आई-बाबा बरोबर असतील तर राजमार्ग उलटा करा. नेरुदोवाचा चढ शेवटी ठेवणं म्हणजे गुडघ्यांवर अन्याय. २२ नंबरची ट्राम पकडून पोहोर्झेलेत्सला उतरा, उतारावरून किल्ल्यात, मग नेरुदोवाने खाली पुलाकडे. तिकीट चढल्यावर पिवळ्या मशीनमध्ये एकदाच छापायचं. दोनदा छापलं की बाद. अडचण ऑडिओची होते, कारण प्रत्येक थांब्याच्या शेवटची दिशा उलटी पडते. त्यावर उपाय म्हणजे थांबे उतरत्या क्रमाने वाजवा, शेवटची वीस-तीस सेकंद सोडून द्या आणि वाट नकाशावर बघा.

फरसबंदी लहान घनाकृती दगडांची, पावसात निसरडी. चामड्याच्या सपाट तळाचे बूट नकोत. चाकाच्या खुर्चीला गल्ल्यांत दगडांवर हिसके बसतात, लहान पुढची चाकं फटीत अडकतात. टाऊन हॉलच्या मनोऱ्याला मात्र लिफ्ट आहे. स्वच्छतागृहासाठी १० आणि २० कोरुनाची नाणी वेगळी ठेवा.

* * *

इंग्रजी निवेदन घरच्यांना समजत नसेल तर मराठीत स्वतः रेकॉर्ड करा, वाटतं तितकं काम नाही. थांब्यामागे २०० ते २५० शब्द, सावकाश वाचले तर दोन-सव्वादोन मिनिटं होतात. बारा थांबे पुरेत. प्रत्येक तुकड्याची पहिली ओळ कुठे उभं राहायचं आणि कुठे तोंड करायचं याची. ‘घड्याळाकडे पाठ, चर्च डोळ्यासमोर’ अशी. वाट सांगणारा तुकडा वेगळा ठेवा, म्हणजे वर कोणी लिहिलंय तसा क्रम उलटा केला तरी फक्त तेवढेच तुकडे बदलावे लागतात. फाइलींना ०१, ०२ असा शून्य लावून नंबर द्या. नुसते १, २ दिले तर काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात. रेकॉर्डिंग कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर करा, घुमत नाही.

* * *

राजमार्गावर नसलं तरी योसेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती पाच-सात मिनिटांवर आहे, म्हणून थोडक्यात. शनिवारी आणि ज्यू सणांना तिथली संग्रहालयं, सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी बंद. ऑडिओत अरुंद गल्ल्यांचं वर्णन ऐकाल, पण त्या आता नाहीत. १८९३ पासून पाडापाडी करून पारझिझ्स्कासारखे रुंद रस्ते काढले. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या ज्यूंची जवळपास ८० हजार नावं लिहिलेली आहेत, तिथे ऑडिओ बंद ठेवून वाचणंच बरं. बाहेर मायसेलोवा गल्लीतून ज्यू टाऊन हॉलकडे बघा. वरचं घड्याळ नेहमीसारखं, खालच्यावर हिब्रू अक्षरं आणि काटे उलटे फिरतात. काटे उलटे का, असं कानातला आवाज विचारतो, पण बऱ्याच ॲप्समध्ये उत्तर देतच नाही: हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, काटेही त्याच दिशेने.